दांडा जाड झाला, पण त्याला धरणाऱ्याचे काय?

घाटातल्या वळणावर एसटी डावीकडे वळू लागली की आतले प्रवासी उजवीकडे कलतात. जडत्वाचे हे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. पण त्याच वेळी बससुद्धा उजवीकडे कललेली असते आणि तिकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. तिच्या उजव्या बाजूच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, डाव्या बाजूच्या थोड्या मोकळ्या झालेल्या असतात. प्रवाशाला समोरच्या सीटची दांडी धरून सावरता येते. गाडीला कोण सावरते?

बहुतेक मोटारींच्या तळाशी, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा एक पोलादी दांडा असतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर किंवा अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेत स्वे बार म्हणतात. आपण त्याला कलरोधक दांडा म्हणू. त्याचा मधला लांब भाग गाडीच्या शरीराला दोन ठिकाणी रबरी बुशांमध्ये धरलेला असतो. धरण्याच्या या दोन जागा म्हणजे माउंटिंग. दांड्याची दोन टोके लहान लिंकांनी दोन बाजूंच्या चाकांच्या भुजांना जोडलेली असतात.

जुन्या स्पोर्ट्स मोटारी हौसेने जपणारे आणि शर्यतीत पळवणारे लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. गाडी वळणावर कमी कलावी म्हणून ते मूळचा दांडा काढून जाड दांडा बसवतात. काही दिवस सगळे छान चालते. मग एक दिवस गाडीखालून खडखड ऐकू येते. वाकून पाहावे तर दांडा शाबूत, लिंक शाबूत, पण माउंटिंगचा ब्रॅकेट पत्र्यासकट फाटून आलेला. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या ‘९११’ या गाडीच्या मागच्या माउंटिंगांची तर याबाबत ख्यातीच आहे. असे का होते आणि त्यावर काय करतात हे पाहताना आपल्या पाठ्यपुस्तकातला बराच भाग अनायासे उजळून निघतो.

आधी एक नमुना करून पाहू

हार्डवेअरच्या दुकानातून १४ गेजची आणि १० गेजची जस्ताचा मुलामा दिलेली तार आणा. पहिलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर, दुसरीचा सुमारे सव्वातीन. प्रत्येकी ३० सेंटिमीटरचा तुकडा कापून, मधला १६ सेंटिमीटर सरळ ठेवून, दोन्हीकडचे ७-७ सेंटिमीटर एकाच बाजूला काटकोनात वळवा. झाला कलरोधक दांडा. आता पातळ तारेचा मधला भाग एका फळीच्या कडेलगत ठेवा आणि भुजा फळीबाहेर येऊ द्या. पोस्टकार्डाच्या दोन अरुंद पट्ट्या तारेवरून घेऊन ड्रॉइंग पिनांनी फळीवर पक्क्या करा. या पट्ट्या म्हणजे माउंटिंग.

दोन्ही भुजा एकदम वर उचला. तार पट्ट्यांखाली नुसती फिरते, विरोध करत नाही. गाडीची दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढतात तेव्हा नेमके हेच होते. दांडा जणू तेथे नसतोच. आता एक भुजा वर उचला आणि दुसरी खाली दाबा. तारेला पीळ पडतो, ती विरोध करते. गाडी कलते तेव्हा बाहेरचे चाक शरीराच्या मानाने वर जाते आणि आतले खाली येते, म्हणून दांड्याला पीळ पडतो आणि तो कल कमी करू पाहतो. ही किती साधी आणि चतुर योजना आहे! स्प्रिंगा जाड केल्या असत्या तर प्रत्येक खड्डा प्रवाशांच्या हाडांपर्यंत पोचला असता. हा दांडा मात्र दोन चाकांच्या हालचालीत फरक पडला तरच जागा होतो.

हे करताना पट्ट्यांकडेही लक्ष द्या. उचललेल्या भुजेकडची पट्टी वर ताणली जाते, दुसरीकडची तार फळीवर दाबली जाते. आता पातळ तारेच्या जागी जाड तार लावा आणि भुजा आधीइतक्याच हलवा. बहुधा पोस्टकार्डाची पट्टी फाटेल. तारेला काही झालेले नसेल.

चौथा घात

जाड तार किती पटीने ताठ झाली? व्यास १.६ पट झाला म्हणून ताठरपणाही १.६ पट झाला असे मुले सांगतील. कोणी छेदाचे क्षेत्रफळ आठवून अडीच पट म्हणेल. खरे उत्तर साडेसहा पट आहे, कारण पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम याने १७८४ मध्ये धातूच्या तारांवर प्रयोग करून हा नियम मांडला. विद्युतभारांमधल्या बलाचा त्याचा प्रसिद्ध नियम ज्या पिळाच्या तराजूने सापडला, तो तराजू याच अभ्यासातून तयार झाला होता. कूलोम आपल्याकडे विजेच्या धड्यात येतो आणि तेवढ्यापुरताच लक्षात राहतो हे खटकते. मुळात तो लष्करी स्थापत्यशास्त्रज्ञ होता, भिंती आणि तुळया यांच्या बळाचा विचार करणारा.

चौथा घात का, हेही मुलांना पटवता येते. दांड्याला पीळ पडतो तेव्हा अक्षाजवळचे कण फारसे सरकत नाहीत, पृष्ठभागाजवळचे जास्त सरकतात. म्हणजे अक्षापासून जितके दूर, तितके विरोधाचे बल जास्त. शिवाय त्या बलाची तरफही तितकीच लांब. आणि दांडा जाड होतो तसे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. अंतराचे दोन घात आणि क्षेत्रफळाचे दोन, मिळून चार. नमुन्यात तारेच्या भुजा थोड्या वाकतातही, पण वाकण्यालासुद्धा चौथ्या घाताचाच नियम लागू आहे, त्यामुळे आपली तुलना बिघडत नाही.

आता खऱ्या गाडीकडे येऊ. १९८५ पर्यंतच्या पोर्शे ९११ कॅरेरा गाडीत मागचा कलरोधक दांडा १८ मिलिमीटर व्यासाचा होता. १९८६ च्या मॉडेलपासून तो २१ मिलिमीटरचा झाला. तीन मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढा फरक. पण २१ भागिले १८ याचा चौथा घात येतो १.८५. म्हणजे ताठरपणा जवळजवळ दुप्पट! पुढचा दांडा त्याच वेळी २० चा २२ मिलिमीटर झाला, म्हणजे सुमारे १.४६ पट ताठ. मागच्या बाजूला दिलेली वाढ जास्त होती. ती का चालली याला कारण आहे.

इंजिन शेपटीला

९११ प्रथम १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली गेली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे गाडीचा सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकांवर पडतो. वळणावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात आणि जड शेपटी हातोड्याच्या डोक्यासारखी बाहेर फेकली जाते. सुरुवातीच्या काही गाड्यांत हा दोष झाकण्यासाठी पुढच्या बंपरच्या दोन टोकांना सुमारे ११-११ किलोची ओतीव लोखंडाची वजने लपवलेली होती! १९६९ च्या मॉडेलमध्ये मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली तेव्हा गाडी बरीच शहाणी झाली. पुढे मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद करण्यात आली आणि मागच्या टायरांची पकड वाढली.

या गाडीचा मागचा दांडा जाड करणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कलरोधक दांड्यामुळे बाहेरच्या चाकांवर पडणारा जादा भार कमी होतो असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. हा भार गाडीचे वस्तुमान, केंद्राकडील त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन चाकांमधल्या अंतराने भागून मिळतो. गाडी १२०० किलोची, त्वरण दर सेकंदास दर सेकंदाला ७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आणि चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असे पूर्णांकी आकडे घेतले तर ३००० न्यूटन येतात. साधारण ३०० किलो वजनाचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर गेला. या हिशेबात दांडा कोठेच आला नाही.

मग दांडा करतो काय? हे ३०० किलो पुढच्या आणि मागच्या बाजूंत कसे वाटायचे ते तो ठरवतो. ज्या बाजूचा दांडा ताठ, त्या बाजूच्या वाट्याला जास्त. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजण्यासाठी आकडे घेऊ. प्रत्येकी ३०० किलो भाराच्या दोन टायरांची पकड प्रत्येकी २८५, मिळून ५७०. त्याच जोडीत एकावर ४५० आणि दुसऱ्यावर १५० भार टाकला तर पकड अनुक्रमे ४०० आणि १५०, मिळून ५५०. भार तेवढाच, पकड मात्र घटली. म्हणून मागचा दांडा ताठ केला की मागचे टायर लवकर घसरतात, पुढचा ताठ केला की पुढचे. मागच्या रुंद टायरांकडे पकड शिल्लक होती, म्हणून १९८६ मध्ये मागे जास्त ताठ दांडा देणे परवडले. १९६६ च्या अरुंद चाकांच्या गाडीला तोच दांडा लावणे हे धाडसच म्हणावे लागेल.

भार शेवटी कोठे जातो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८ मिलिमीटरच्या दांड्याचा पीळ पडणारा भाग ८० सेंटिमीटर आणि भुजा २५ सेंटिमीटर धरू. वळणात एक टोक दोन सेंटिमीटर वर आणि दुसरे दोन सेंटिमीटर खाली गेले तर दांड्याला सुमारे ९ अंशांचा पीळ पडतो. पोलादाचा दृढता गुणांक घेऊन हिशेब केला की प्रत्येक टोकाशी सुमारे ६६० न्यूटन, म्हणजे ६७ किलो वजनाइतके बल येते. २१ मिलिमीटरच्या दांड्याने तेवढ्याच पिळाला १२२० न्यूटन, म्हणजे सुमारे १२५ किलो. प्रत्यक्षात जाड दांड्यामुळे गाडी थोडी कमी कलते, म्हणून आकडा याहून काहीसा खाली राहील.

हे बल लिंकेतून चाकाकडे जाते, तसेच ते माउंटिंगमधून गाडीच्या शरीराकडेही गेले पाहिजे. न्यूटनचा तिसरा नियम कोणाला सूट देत नाही. एका टोकाला वर आणि दुसऱ्याला खाली अशी बले असल्यामुळे त्यांचे बलयुग्म तयार होते. त्याला तोलण्यासाठी दोन माउंटिंगांना उलट दिशेचे बलयुग्म द्यावे लागते. दोन टोकांत १०० सेंटिमीटर अंतर आणि दोन माउंटिंगांत ८० सेंटिमीटर असेल तर माउंटिंगवरचे बल टोकाच्या सव्वापट होते. ६७ चे ८४ किलो, १२५ चे १५६ किलो. माउंटिंगे आणखी जवळजवळ असती, समजा ५० सेंटिमीटरवर, तर हाच आकडा २५० किलो झाला असता. नमुन्यातल्या पोस्टकार्डाच्या पट्ट्या एकमेकींजवळ आणून पाहा, हा फरक हाताला कळतो.

दांडा बदलणाऱ्याने ताठरपणा जवळजवळ दुप्पट केला, पण ज्याने हा भार पेलायचा तो ब्रॅकेट आणि त्यामागचा पत्रा होता तेवढाच राहिला. ९११ ला ट्रकसारखी वेगळी जाड चौकट नाही. मोटारींचे असे शरीर एक-सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यांच्या पेट्या जोडून केलेले असते. पेटी म्हणून ते चांगले मजबूत असते, पण पेटीच्या एका सपाट बाजूवर मध्येच ओढ दिली तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होतो. ब्रॅकेट पत्र्यापासून जितका लांब बाहेर आलेला, तितके मुळाशी परिबल जास्त.

एकदाच १५६ किलो ओढ लागल्याने पत्रा फाटत नाही. डाव्या वळणावर तो खाली ओढला जातो, उजव्या वळणावर वर ढकलला जातो, आणि सरळ रस्त्यावरही एकेका चाकाखाली खड्डा आला की पुन्हा तेच. तार हाताने तोडायची असेल तर आपण ती ओढत नाही, मागेपुढे वाकवतो. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते की एका दमात मुळीच मोडणार नाही इतक्या कमी बलानेही, ते पुन्हा पुन्हा उलटसुलट दिले तर, पोलाद मोडते. याला धातूचा थकवा म्हणतात. भेग सुरू होते ती बहुधा वेल्डच्या शेवटाशी, कारण तेथे आकार एकदम बदलतो आणि तापून गार झालेले पोलादही आजूबाजूच्या पोलादासारखे राहिलेले नसते. त्यात गंजाची भर. ९११ चे शरीर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे होऊ लागले ते १९७६ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाड्यांनी हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले असते.

माउंटिंग सुटले की लगेच अपघात होतोच असे नाही. पण मागचा दांडा निकामी होताच भाराची वाटणी क्षणात बदलते. पुढची चाके आधी घसरू लागतात आणि रोज ज्या वळणावर गाडी सहज वळत होती, तेथेच ती सरळ पुढे निघते. चालकाच्या हाताला गाडीची एक सवय झालेली असते. ती सवयच अशा वेळी घात करते.

पत्रा मजबूत करायचा म्हणजे काय करायचे

‘जाड पट्टी वेल्ड करून टाका’ हा उपाय कोणालाही सुचेल. आणि बरेचदा तेवढेच केले जाते. पाच मिलिमीटरची चौकोनी पट्टी एक मिलिमीटरच्या पत्र्यावर चारी बाजूंनी जोडली की ब्रॅकेटपाशी भेग पडायची थांबते, आणि काही महिन्यांनी ती पट्टीच्या कडेला, विशेषतः कोपऱ्यात दिसते. पत्र्याचे वाकणे थांबलेले नसते, ते ताठ भाग संपतो त्या रेषेवर सरकलेले असते. कोपरा टोकदार असेल तर सगळा ताण तेथे गोळा होतो. म्हणून जाणकार कारागीर दीड-दोन मिलिमीटरचाच जोडपत्रा घेतात, त्याचे कोपरे गोल करतात आणि तो इतका मोठा ठेवतात की त्याची कड पेटीच्या कोपऱ्यापर्यंत किंवा दुमडीपर्यंत पोचेल. भार पत्र्याच्या पोटाला न देता कडेला द्यायचा. कडेला पत्रा आपल्याच पातळीत ओढला जातो आणि त्या दिशेने तो फार बळकट असतो. कागदाचा ताव मधे दाबून आणि कडेला ओढून पाहिला की हे पटते.

दुसरे काम ब्रॅकेटचे. एकाच पत्र्याचा वाकवलेला ब्रॅकेट असेल तर त्याच्या काटकोनात त्रिकोणी आधारपट्टी बसवतात, किंवा दोन्ही बाजू बंद करून त्याची लहान पेटी बनवतात. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात याचे जे उत्तर, तेच येथे. जागा असेल तर माउंटिंगे बाहेरच्या बाजूला सरकवतात, त्याचा फायदा वरच्या हिशेबात आलाच आहे. बोल्ट पेटीच्या आरपार जात असेल तर आत जाड नळीचा तुकडा घालतात, नाहीतर नट आवळताना पेटीच चेपते.

रबरी बुशांबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. जाड दांड्याबरोबर पॉलियुरेथेनचे टणक बुश घालण्याची पद्धत आहे. त्याने प्रतिसाद चटकन मिळतो हे खरे. पण रबर हे धक्का पिऊन टाकते आणि दोन माउंटिंगे अगदी एका रेषेत नसली तरी सांभाळून घेते. टणक बुशात दांडा अडकत फिरला तर जो पीळ दांड्याला पडायचा तो ब्रॅकेटला पडतो. शर्यतीची गाडी नसेल तर रबर बरे. टणक बुश घालायचेच असतील तर त्यांना वंगण आणि माउंटिंगांना अचूक एकरेषता द्यावी लागते. लिंकांची लांबीही गाडी चाकांवर उभी असताना आणि चालकाच्या जागी वजन ठेवून जुळवली पाहिजे, नाहीतर सरळ रस्त्यावरही दांडा पिळलेला राहतो आणि माउंटिंगला विश्रांतीच मिळत नाही.

वेल्डिंग प्रशिक्षित माणसानेच करायचे. जस्ताचा मुलामा आधी घासून काढावा लागतो, कारण जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. पेट्रोल आणि तेलाच्या नळ्या दूर करणे, बॅटरी सोडवणे हे ओघाने आलेच. काम झाल्यावर पेटीच्या आतूनही गंजरोधक फवारला नाही तर नव्या जोडाला काही पावसाळ्यांतच गंज लागतो.

भेग शोधण्याची एक जुनी रीत मात्र शाळेत करून पाहण्यासारखी आहे, गाडीचीही गरज नाही. कारखान्यांमध्ये ती पूर्वी सर्रास वापरत. लोखंडाची एक पट्टी पकडीत धरून मागेपुढे वाकवा आणि तुटायच्या थोडे आधी थांबा. वाकलेली जागा घासून स्वच्छ करा. नुसत्या डोळ्यांना भेग दिसली नाही तरी चालेल. तेथे रॉकेल किंवा पातळ मशीन तेल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, मग फडक्याने पूर्ण कोरडे पुसा आणि खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ थर द्या. थर वाळताना भेगेत शिरलेले तेल खडू वर शोषून घेतो आणि पांढऱ्या पृष्ठभागावर एक काळपट ओली रेघ हळूहळू उमटते. हे काम ज्योतीपासून दूर करावे. ही रेघ वाकण्याच्या दिशेला आडवी येते की समांतर, हे मुलांना आधी विचारून घ्या.